सव्वा मूठ

गुरुवार, ३१ जुलै २०२५

आमच्या मुलाच्या शाळेला उन्हाळी सुट्टी लागली ती आज, आणि कानबाई देवी बसणार रविवारी, ३ ऑगस्टला. जर्मनीतील स्टुटगार्टजवळचे आमचे भाड्याचे घर आणि धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातले तापीकाठचे माझे सासर यांच्यातले सगळे अंतर या दोन तारखांच्या मध्ये बसवायचे होते. आणखी दोन दिवस आधी निघावे म्हटले तरी सोय नव्हती, कारण येथे सुट्टी लागण्यापूर्वी शाळेच्या परवानगीवाचून मुलाला घरी ठेवले तर पालकांना दंड होतो. मला रजा मिळाली ती ८ ऑगस्टपर्यंतची, आणि यजमानांना तर मिळालीच नाही. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मी एकटीनेच जायचे, असे आम्ही मे महिन्यातच ठरवून टाकले होते.

इतक्या धावपळीने जाण्यासारखे काय आहे, असे खानदेशाबाहेरच्या माणसाला वाटेल. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी सकाळी तिचे विसर्जन होते. या सणाला 'रोट' असेही म्हणतात, कारण कानबाईच्या नावाने केलेले रोट सगळ्या भाऊबंदकीने एकत्र बसून खायचे असतात. त्या रोटांचे गहू मोजताना आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मापात पडतो. माणूस गावात असो, सुरतेला असो की सातासमुद्रापलीकडे असो, त्याची मूठ चुकत नाही. आम्ही यापूर्वी गेलो होतो ते २०१९ साली, तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. नंतरची पाच वर्षे मापात गहू पडत राहिला, रोट होत राहिले आणि आमच्या वाट्याचे रोट दुसऱ्यांनी खाल्ले. दरवर्षी सासूबाई फोनवर तेवढेच सांगत, "तुम्हा दोघांची मूठ टाकली बरं का," आणि यजमान फोन ठेवून बराच वेळ गप्प बसत.

दुपारच्या गाडीने फ्रँकफर्टला आलो. विमान संध्याकाळचे होते, ते तीन तास उशिरा सुटले.

शुक्रवार, १ ऑगस्ट

हा दिवस आखातातील एका विमानतळावर गेला. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे मुंबईचे पुढचे विमान आमच्या डोळ्यांदेखत निघून गेले, आणि रात्रीच्या विमानात जागा मिळेपर्यंत चौदा तास तेथेच काढावे लागले. विमान कंपनीने जेवणाची कुपने दिली, पण खोली दिली नाही. मूल घेऊन एकट्या आलेल्या बाईला निदान पाठ टेकण्यापुरती जागा द्यावी, हे तेथील कोणाच्याही मनात आले नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते. मी दोन खुर्च्यांवर माझी ओढणी अंथरून मुलाला निजवले आणि सामानावर पाय ठेवून जागी राहिले.

ठरल्याप्रमाणे आज सकाळी मुंबईत उतरून दुपारच्या मुंबई-धुळे एक्स्प्रेसने निघायचे आणि रात्री धुळ्यात पोहोचायचे होते. ते आरक्षण वाया गेले. आता शनिवारच्या गाडीने निघालो तर धुळ्यालाच रात्र होणार होती, आणि गहू मोजून दळायला नेतात ते शनिवारी दुपारी. मी धाकट्या दिरांना फोन केला. ते नाशिकला नोकरी करतात. त्यांनी फारसे काही विचारले नाही. "वहिनी, तुम्ही उतरा, मी गाडी घेऊन विमानतळावर येतो," एवढेच म्हणाले.

शनिवार, २ ऑगस्ट

पहाटे साडेतीनला मुंबईत उतरलो आणि सामान हाती येईपर्यंत पाच वाजले. दीर रात्रभर गाडी चालवून आले होते आणि बाहेर कठड्याला टेकून उभे होते. २०१९ नंतर मुलाला त्यांनी पाहिले होते ते फोनच्या पडद्यावरच. त्यांनी त्याला उचलून घेतले तेव्हा त्याने डोळे किलकिले करून "काका?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता त्यांच्या खांद्यावर पुन्हा मान टाकली.

भिवंडीपर्यंतचा रस्ता मालमोटारींनी भरलेला होता आणि खड्ड्यांमुळे गाडी पावलापावलाने पुढे सरकत होती. आमण्याला मात्र समृद्धी महामार्गावर चढलो आणि प्रवासाचे रूपच बदलले. आमणे ते इगतपुरी हा या महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्यामुळे कसारा घाट आता टाळता येतो आणि डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने थेट इगतपुरीला निघता येते. लग्न होऊन मी पहिल्यांदा या वाटेने गेले, तेव्हा कसाऱ्याच्या वळणांवर बसमध्ये मला इतके मळमळले होते की नव्या नवरीने कोणाला सांगावे म्हणून मी शालूचा पदर तोंडात धरून बसले होते. त्या घाटाची आठवण मनात असताना बोगद्यातून दहा मिनिटांच्या आत पलीकडे निघणे मला खरेच वाटेना.

इगतपुरीला पाऊस कोसळत होता. नाशिकला त्याची रिमझिम झाली आणि चांदवडला चहासाठी उतरलो तेव्हा नुसते ढग होते. मालेगाव ओलांडले, आर्वी मागे पडली, लळिंगचा किल्ला दिसला आणि ऊन लख्ख पडले. सह्याद्रीने आपल्या वाट्याचा पाऊस आधीच अडवून घेतलेला असतो, आणि उरेल त्यावर खानदेशाने कपाशी पिकवायची असते, हे या एका सकाळच्या प्रवासात डोळ्यांना दिसते. धुळ्यापुढे सोनगीरला रस्त्याकडेच्या दुकानांत तांब्यापितळेची भांडी उन्हात चमकत होती. दिरांनी गाडी थांबवून एक लहान पितळी गडवा विकत घेतला आणि मुलाच्या हातात दिला. नरडाणा सोडून गाडी तापीच्या बाजूला वळली तेव्हा दोन्हीकडे गुडघ्याएवढी कपाशी होती आणि मातीला तो वास येत होता, जो मला जर्मनीत एकदाही आलेला नाही. घरातून निघाल्याला तोवर पंचेचाळीस तास होऊन गेले होते.

घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे आहे. पुढची भिंत नुकतीच रंगवलेली, अंगणात दोरीवर धुतलेल्या गोधड्या, ओट्यावर घासून पालथी घातलेली सगळ्या घराची भांडी. कानबाई यायची म्हणजे घरातली चिंधीसुद्धा धुवायची असते. मोठी माय, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, दारात खाटेवर बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू झाली आहे, पण माझ्या चालीवरूनच त्यांनी ओळखले.

"उनी वं माय! थकी गयी व्हशी. बठ आठे."

मी पाया पडले आणि त्यांच्या पायांवर डोके टेकले ते मला लवकर उचलवेना. दोन रात्रींची झोप नव्हती, हे खरे. पण केवळ तेवढ्यामुळे नव्हे.

गहू मोजायचे आमच्यासाठी थांबले होते. देवघरासमोर धुतलेल्या लुगड्यावर निवडलेल्या गव्हाची रास होती आणि शेजारी पितळी माप. माप धरायला माझे मोठे सासरे बसले आणि मोठ्या मायने रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांपासून एकेक नाव घेऊन मूठ टाकायला सुरुवात केली. त्यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत, त्यामुळे मूठ पूर्ण मिटत नाही आणि फटींतून दाणे निसटतात. निसटलेले दाणे त्या डाव्या तळहातावर झेलतात आणि तेच वरचे पाव म्हणून मापात सोडतात. मूठ आणि पाव, सव्वा. चांदीच्या पाटल्या मनगटावरून खाली घसरायच्या, पितळेवर दाण्यांचा आवाज व्हायचा आणि पुढचे नाव निघायचे. सुरतेला असलेल्या चुलतदिरांचे नाव निघाले, त्यांच्या दोन्ही मुलांची नावे निघाली. मग यजमानांचे नाव आले आणि त्यांच्या नावाची मूठ पडली. त्यानंतर मोठ्या मायने हात मागे घेतला आणि माझ्या मुलाला पुढे ओढले.

"तुनी मूठ तूच टाक, भाऊ."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग दोन्ही हात राशीत कोपरापर्यंत घातले, आणि सगळ्यांनी एकदम "एकच, एकच" म्हटल्यावर एका हाताची मूठ काढली. ती इतकी लहान होती की मोठ्या सासऱ्यांनी माप कलंडून तळाशी पाहिले. एकूण एकवीस मुठी झाल्या.

एक गोष्ट मला येथे लिहिलीच पाहिजे. मोठ्या जाऊबाईंची मुलगी धुळ्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गहू निवडले तिने, भांडी घासली तिने, पण तिच्या नावाची मूठ मापात पडत नाही. हे मला पटत नाही, आणि संध्याकाळी मी जाऊबाईंना तसे बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या की लेक लग्न होऊन दुसऱ्या घरच्या मापात जाते. मापात तर तिकडेही तिची मूठ नसते, असे मी म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण मुलगी ऐकत होती.

गावातली चक्की आज सकाळी धुऊन काढलेली होती आणि तीवर फक्त रोटांचेच दळण चालले होते. पीठ घरी आले, देव्हाऱ्याशी ठेवले गेले, इथवर मला आठवते. नंतर मी धाब्यावर वाकळ अंथरून पडले ती सकाळपर्यंत उठले नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

पहाटेपासून अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. खापरावरच्या पुरणपोळ्या करायला माझ्या चुलतसासूबाई बसल्या. त्या पोळी लाटत नाहीत. उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवतात आणि पालथ्या खापरावर अलगद सोडतात. जर्मनीत मी हे करून पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी पोळी फाटली आहे. शेजारच्या चुलीवर कटाची रशी, गंगाफळाची भाजी, गव्हाची खीर, आणि पलीकडे सोवळ्यात रोट. आमच्याकडे पीठ गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवून बोटभर जाडीचे रोट थापतात आणि मंद आचेवर तूप सोडून भाजतात. रोट करताना बोलायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे त्या एका चुलीपाशी एवढ्या गोंगाटातही शांतता होती.

आमची कानबाई परणेल आहे, म्हणजे ज्या नारळाचे विधिपूर्वक लग्न लावलेले आहे तो नारळ, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या देव्हाऱ्यात जपलेला आहे. वर्षभर तो लाल फडक्यात असतो. आज सासूबाईंनी फडके सोडून तो चौरंगावर कलशावर ठेवला, त्याला हिरवे लुगडे नेसवले, मोत्यांची नथ आणि घरातले सगळे दागिने घातले. माझे मंगळसूत्रही त्यांनी मागून घेतले आणि रात्रभर कानबाईच्या गळ्यात ठेवले. ज्या करवंटीला दिवसा नारळ म्हणून हात लावायला कोणी बिचकत नव्हते, तिच्याकडे नथ चढल्यावर कोणी पाठ करून बसेना.

रात्री आळीतल्या बायका गाणी म्हणायला आल्या. सगळी गाणी अहिराणीत, माहेरची, सासरची, तापीच्या पुराची, कानबाईच्या रूपाची. माझे माहेर पुण्याचे, मला निम्मे शब्द कळत नाहीत. पण एकीने ओळ सोडली की दुसरीने कोठे उचलायची, हे आता मला कळू लागले आहे. पुरणाचे दिवे पहाटेपर्यंत जळत होते. मुलगा मोठ्या मायच्या मांडीवर झोपला आणि त्यांनी पाय अवघडले तरी त्याला हलवू दिले नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

विसर्जनाला सकाळी निघालो. गावातल्या सगळ्या कानबाया एकामागून एक आल्या, प्रत्येक चौरंग एकेका बाईच्या डोक्यावर, पुढे वाजंत्री, चौकाचौकात फुगड्या. आमचा चौरंग अर्धी वाट मोठ्या जाऊबाईंनी नेला आणि मारुतीच्या पाराशी त्यांनी तो माझ्या डोक्यावर दिला. तो इतका जड असेल असे वाटले नव्हते. मान ताठ धरून, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने चौरंगाची कड सांभाळत, अनवाणी त्या काळ्या चिखलातून तापीवर उतरताना प्रवासाचा सगळा शीण पुन्हा पिंढऱ्यांत उतरला. पण दोन्ही बाजूंनी बायकांनी माझे दंड धरले होते.

मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून पश्चिमेला सुरतेकडे जाणारी ही नदी. पाणी गढूळ आणि संथ होते. कानबाईला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन तीनदा बुडवले, हार आणि फुले सोडून दिली, आणि नारळ पुन्हा पदरात घेऊन घरी आणला, कारण परणेल कानबाई नदीत सोडत नाहीत. श्रावणी सोमवार होता म्हणून घरातले काही जण तेथूनच मुडावदला, तापी आणि पांझरेच्या संगमावरच्या कपिलेश्वराला गेले. मी गेले नाही, मला चालवत नव्हते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज भाऊबंदकी रोट खायला बसली. रोट परक्याला द्यायचे नाहीत, चुरासुद्धा ताटात टाकायचा नाही, खाऊन हात धुतलेले पाणी तुळशीत घालायचे, आणि पौर्णिमेपर्यंत सगळे रोट संपवायचे, हे आमच्या घरचे नियम. यंदाची पौर्णिमा ९ ऑगस्टची. पंगतीत मुलाला त्याच्या वाट्याचा रोट मिळाला आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरून, मध्ये पाणीही न पिता, पूर्ण संपवला.

यजमानांचा रोट ताटलीत राहिला होता. दरवर्षीप्रमाणे तो कोणी खायचा हे ठरू लागले, तेव्हा मी सासूबाईंना हळूच विचारले की मी शुक्रवारपर्यंत घरी पोहोचते आहे, तर मी तो नेऊ का. पंगत थांबली. मोठ्या सासऱ्यांचे म्हणणे पडले की रोट गावाची शीव ओलांडत नाही, त्यांच्या आजोबांपासून ओलांडलेला नाही. एक चुलतसासरे म्हणाले की विमानात कोण कोण शेजारी बसते, कोठे सामान पडते, सोवळे कसे राहणार? दोघेही रागाने बोलत नव्हते. ज्या गोष्टीची त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली, तिचे काही बरेवाईट होऊ नये, एवढेच त्यांच्या मनात होते, आणि म्हणून मला उत्तर सुचेना. बोलल्या त्या मोठी माय.

"तो काय परका शे? त्याना रोट त्याले भेटालेच जोयजे."

मग दुसरी अडचण मी सांगितली. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधातुपाचे पदार्थ आणायला मनाई आहे. साध्या भाजलेल्या पावाबिस्किटांना हरकत घेत नाहीत. आणि रोटांवर तर तूप होते. सासूबाईंनी विचार केला, राखून ठेवलेल्या पिठातून एक मूठ काढली आणि यजमानांच्या नावाने तूप न लावता एक लहान रोट कोरडाच भाजला. तुपाचा रोट मोठ्या मायने खाल्ला.

बुधवार, ६ ऑगस्ट आणि गुरुवार, ७ ऑगस्ट

परतीचा प्रवासही सोपा नव्हता, पण त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. बुधवारी रात्री धुळ्याहून गाडीने निघालो, गुरुवारी पहाटे मुंबई, मग आखात, मग रात्री फ्रँकफर्ट. निघताना मोठी माय खाटेवरून उठून काठी टेकत अंगणाच्या टोकापर्यंत आल्या. मुलाने त्यांना पितळी गडव्यातून पाणी दिले, त्या प्यायल्या आणि गडवा त्याच्या पिशवीत स्वतः ठेवला.

रोट मी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून डब्यात ठेवला होता आणि तो डबा सबंध वाटेत मांडीवरून खाली ठेवला नाही. विमानात जेवण आले तेव्हाही एका हातानेच जेवले. फ्रँकफर्टला जकात अधिकाऱ्यापाशी जाऊन डबा उघडून दाखवला. "यात काय आहे?" या प्रश्नाला गहू, गूळ आणि पाणी एवढेच उत्तर दिले. त्याने मान हलवून जा म्हटले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. यजमान स्थानकावर घ्यायला आले होते. वाटेत त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, कपाशी कशी आहे, मोठ्या मायचे गुडघे कसे आहेत, धाबे गळते आहे का. डब्याविषयी मी काही सांगितले नव्हते.

सकाळी त्यांची आंघोळ झाल्यावर मी पाट मांडला आणि फडके सोडले. तीन दिवसांत रोट कडक झाला होता आणि एका कडेला तडा गेला होता. ते बघतच राहिले. मग पाटावर बसले, तुकडा मोडला आणि विचारले, "माझी मूठ कोणी टाकली?"

"मोठ्या मायनं," मुलगा म्हणाला, "आणि माझी मी."

त्यांनी रोट सावकाश खाल्ला. फडक्यावर पडलेला चुरा बोटाने टिपून घेतला. मुलाने पितळी गडव्यातून त्यांच्या हातांवर पाणी घातले, ते खाली वाटीत धरले, आणि खिडकीतल्या कुंडीतल्या तुळशीला नेऊन घातले.